पाचगणीचा सामना

कपिलतीर्थाच्या मंडईत मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत असताना डाव्या अंगानं काहीतरी आपल्याकडं येतंय, एवढंच मीनाक्षीबाईंना कळलं. काय येतंय, कोण फेकतंय हे उमगायच्या आत हात वर गेला. आणि नुसता वर गेला नाही, आलेल्या वस्तूबरोबर थोडा मागं आला, तिला जवळ घेत खांद्यापाशी थांबला. मूठ उघडली तर लिंबू. पिवळं, देठाशी अजून हिरवट. जुडी मात्र खाली पडली होती. भाजीवाली म्हणाली, "बाई, मेथी घेताय का पाडताय?" आणि कांद्याच्या ढिगापलीकडून कुणीतरी मोकळं हसलं.

"हात तसाच हाय की बाई तुमचा."

हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेला पिशवी, उन्हानं रापलेलं तोंड. चेहऱ्यावरून बाईंना काही आठवेना. पण असं कमरेतून वळून, अगदी शेवटी मनगट सोडून फेकणारी एकच मुलगी त्यांनी आयुष्यात पाहिली होती.

"वळखलं न्हाईसा. मी चिमणा. गगनबावड्याची."

"ओळखलं," बाई म्हणाल्या. "इकडं कशी?"

"सासूचा मोतीबिंदू काढलाय. थोरल्या दवाखान्यात हाय. मालक जेवण आणायला गेल्यात, म्हटलं तवर लिंबं घ्यावीत. आता नेसरीला असतो की आम्ही." मग जरा थांबून, "चला की बाई. म्हातारीला भेटून जावा. लई खूश हुईल."

"मला कुठं ओळखतात त्या?"

"वळखत्यात," एवढंच चिमणा म्हणाली आणि पुढं चालू लागली.

बाई तिच्यामागून निघाल्या. दुपार कलली होती, महाद्वाराच्या तोंडाशी उन्हं तिरपी पडली होती, टांगेवाले घोड्यांना पाणी पाजत होते. सगळं रोजचंच होतं, पण त्यांचा उजवा तळवा रोजचा नव्हता. त्यात एक मुंगी चालावी तसं काहीतरी चालत होतं. सातएक वर्षं या हाताकडं कुणी काही फेकलं नव्हतं. शाळेत हल्ली लेझीम होती, संचलन होतं, पंधरा ऑगस्टला पिवळ्या झेंडूच्या माळा होत्या. कोठीच्या खोलीतल्या त्या जुन्या खेळाच्या काठ्यांच्या वाद्या उंदरांनी कुरतडल्या, आणि दांडे नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी पडदे अडकवायला लावले, तेव्हा मीनाक्षीबाई काही बोलल्या नव्हत्या. खुर्चीवर चढून सुताराला त्यांनीच सांगितलं होतं, इथं जरा उंच घे म्हणून. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की तेव्हा आपण निदान खुर्चीवर तरी चढायला नको होतं.

त्या काठ्या रेसिडेन्सीतून आल्या होत्या. संस्थान विलीन व्हायच्या धामधुमीत साहेबलोकांचं सामान निघालं, त्यात टेबलं होती, हरणांची शिंगं होती, आणि एका लांब पेटीत डझनभर काठ्या होत्या. लांबच लांब, एका टोकाला वळवलेल्या आणि त्या वळणात चामड्याच्या वाद्यांची जाळी विणलेली. कुणालाच त्या कशाच्या ते कळेना. मीनाक्षीबाईंना कळलं, कारण मद्रासला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करताना एका गोऱ्या बाईंनी सहा महिने त्यांना हा खेळ शिकवला होता. लॅक्रॉस. त्यांनी पेटी शाळेत आणवली. पहिल्या दिवशी मुली गोल करून उभ्या राहिल्या, कुणी जाळीत बोट घालून बघितलं, कुणी हसल्या, आणि मागून गगनबावड्याहून आक्काकडं शिकायला राहिलेली एक काळीसावळी, लांब हातांची मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो तर आंबं काढायचा झेला." त्या दिवसापासून त्या खेळाला लॅक्रॉस कुणी म्हटलं नाही. झेल्याचा खेळ. नाव इतकं चपखल बसलं की बाईंना वाटलं, हा खेळ आपल्याकडंच कुठंतरी निघाला असावा आणि साहेबानं तो उचलून नेला असावा.

मग ती संध्याकाळची मैदानं. शाळेमागच्या मोकळ्या जागेत आधी दोघीदोघींच्या जोड्या. चेंडू अडवायचा नाही, येईल तसा घरात घ्यायचा, हे शिकायलाच श्रावण सरला. मुली काठी ताठ धरत आणि चेंडू जाळीवर आपटून उडे. बाई सांगत, पाहुणा दारात आल्यावर आपण दोन पावलं मागं सरतो, त्याला आत यायला जागा देतो, तसं. मग धावता धावता पाळणा. चेंडू जाळीत ठेवून काठी हलकी झुलवत पळायचं, चेंडू झोपताही कामा नये आणि पडताही. मग तिघींचा त्रिकोण. जिच्याकडं फेकलं तिच्या पाठीमागं धावायचं, तोवर तिनं तिसरीकडं फेकलेलं. "फेकलीस की धाव," बाई ओरडत. "आपल्या फेकीकडं बघत उभी राहू नकोस." आणि मग सगळ्यांत अवघड ते. धावणाऱ्या मुलीकडं फेकायचंच नाही. ती आत्ता जिथं आहे तिथं नाही, ती जिथं येणार आहे तिथं. रिकाम्या जागेत. शहरातल्या मुलींना ते जमेना. रिकाम्या जागेत वस्तू टाकायची म्हणजे ती वाया घालवायची असं त्यांच्या घरांतून त्यांना शिकवलेलं. चिमणाला मात्र ते सांगावंच लागलं नाही. ती फेकायची आणि जिनं झेलायचं तिलाच पत्ता नसे, पळता पळता समोर चेंडू येऊन उभा. आणि स्वतःला हवा असला की ती ओरडायची, "हाय!" म्हणजे, मी आहे इथं. वकिलांच्या, मास्तरांच्या मुली आधी या हाकेला हसल्या. महिन्याभरात सगळ्याच ओरडायला लागल्या. संध्याकाळी मैदानाच्या भिंतीबाहेरून जाणाऱ्यांना नुसतं ऐकू यायचं, हाय, हाय, हाय, आणि लोकांना वाटायचं, आत कोणी गेलंय की काय.

तो एक काळ असा होता की बाई घरी आल्या की जेवताना त्यांचे पाय पाटावरही धावत असत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या माहेरीच राहिल्या होत्या, नवऱ्याला मुंबईत बिऱ्हाड लागलं की न्यायचं ठरलं होतं. आठ महिने आई, तिला सगळे माई म्हणत, त्यांना तयार करत होती. पोळी गोल हवी, नुसती गोल नको, पापुद्रा सुटायला हवा. अजून नाही जमत, परत लाट. कुणाशी किती बोलावं, कुठं थांबावं. ट्रंक भरून तयार होती. बिऱ्हाड लागलं, आणि त्याच आठवड्यात विषमज्वरानं तो गेला. ट्रंक उघडली ती नवी लुगडी परत द्यायलाच. पुढं शिक्षण झालं, मद्रास झालं, नोकरी लागली, पण त्या आठ महिन्यांची चव बाईंच्या जिभेवर कुठंतरी राहून गेली होती. काहीतरी होणार आहे आणि आपण त्यासाठी तयार होतो आहोत, याच्यासारखं दुसरं सुख नाही, असं त्यांना वाटे. होतं तेव्हा काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

पन्नास सालच्या माघात पाचगणीहून मिस कार्व्हर आल्या. तिथल्या गोऱ्या मुलींच्या शाळेत त्या हाच खेळ शिकवत. कोल्हापूरला कुणाकडं तरी उतरल्या होत्या, कानावर आलं म्हणून बघायला आल्या. छत्री टेकून तासभर उभ्या राहिल्या. त्रिकोण पाहिला, पाळणा पाहिला, चिमणानं न बघता पाठीमागं टाकलेला चेंडू पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. शेवटी म्हणाल्या, फार सुंदर. पण या खेळतात कधी? बाई म्हणाल्या, रोज. मिस कार्व्हर हसल्या. म्हणाल्या, ईस्टर झाला की घेऊन या यांना. आमच्या मुलींशी एक सामना होऊ द्या. पुढच्या हिवाळ्यात मी मायदेशी जाईन, शाळेतल्या मुलीही आता कमी कमी होत चालल्यात. आणा.

मुलींना त्या रात्री झोप लागली नसेल. चिमणाचे वडील गणपतराव गावाहून तांदळाचं पोतं घेऊन आले होते, ते मैदानावर येऊन उभे राहिले. पटका, हातात काठी, पायांत जाडजूड वहाणा. "पाचगणीला? गोऱ्या पोरींसंगं?" बराच वेळ त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरीला नेसरीचं स्थळ आलंय बाई. चांगलं हाय. पर येवढं हुंदे. मी बी येतो पाचगणीला. पोरगी काय करती ती बघतो, मग ठरवू पुढं शिकवायचं का काय ते."

हे त्यांनी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी ऐकलं होतं. कधी कधी त्यांना वाटे, आपण ते नीट ऐकलंच नसावं. पण ऐकलं होतं. पटक्याचा रंगसुद्धा आठवत होता, गुलबाशी.

मग चैत्र आला आणि मुली तयार नव्हत्या. खरंच नव्हत्या. डाव्या हातानं झेलताना निम्म्या जणी गडबडत. मध्ये दोघींना उभं करून बाकीच्यांनी चेंडू फिरवत ठेवायचा हा सराव चार फेऱ्यांच्या पुढं टिकत नव्हता. मिस कार्व्हरच्या मुली लहानपणापासून खेळणाऱ्या. बाईंनी कळवलं, पाऊस सरल्यावर येतो. धाकटा भाऊ नृसिंह, खजिन्यात कारकून होता आणि खासबागेतली एकही कुस्ती चुकवत नसे, जेवताना म्हणाला, "ताई, नुसत्या जोर-बैठकांनी पैलवान होत नाही. कुस्ती धरावी लागते, पडावं लागतं." त्या म्हणाल्या, "लोकांसमोर पडायला तुम्हाला काय होतं? पुरुषांचं निराळं." माईनं आमटी वाढली. मुलींना चारचौघांत पडू द्यायचं नाही, त्यांच्यावर कुणी हसायला नको, असंच तेव्हा त्यांना वाटत होतं. आज महाद्वारातून चालताना त्या वाटण्याच्या खाली दुसरंही काहीतरी हाताला लागलं. सामना म्हणजे एक दिवस. तो झाला की झाला. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर काय?

वैशाखाच्या अखेरीस गणपतराव आले. "सामना कवा हाय?"

"दिवाळीनंतर. अजून थोडा सराव हवा."

"दिवाळी." त्यांनी मैदानाकडं पाहिलं. मुली त्रिकोणात धावत होत्या, धूळ उडत होती. "ह्ये तर मी मागं बी बघितलंय बाई. ब्येस करत्यात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पर दिवाळीपत्तोर स्थळ थांबत न्हाय."

ज्येष्ठात चिमणाचं लग्न झालं. बाई गेल्या नाहीत, घाटात पाऊस लागला होता. दिवाळीनंतर पाचगणीला निरोप धाडला तर मिस कार्व्हर बोटीवर चढल्या होत्या आणि त्या शाळेत काठ्या धरणाऱ्या मुली उरल्या नव्हत्या. आजूबाजूला दुसरा कुणी हा खेळ खेळत नव्हता. साताऱ्यात नाही, बेळगावात नाही. पुढच्या वर्षी चौघी शाळेतून गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेल्या. शालू म्हणून एक होती, जिचा त्रिकोण सगळ्यांत नेटका, तिनंसुद्धा एकदाही खरा चेंडू समोरच्या संघातल्या खऱ्या पोरीकडून हिसकावून घेतला नाही. एकदाही नाही.

"बाई," चिमणा म्हणाली. टाऊन हॉलच्या बागेपाशी ती थांबली होती. "दवाखान्यात जायच्या आदी एक सांगतो. रागावू नका."

"सांग."

"मी घरात सांगितलंय की आपण गेलतो म्हणून. पाचगणीला." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नवी नवी सासरी गेलतो तवा सगळी इचारायची, शाळा शिकलीस तर काय केलंस. काय सांगू? तिरकोन केला म्हणून सांगू? एक दिशी म्हटलं, पाचगणीला जाऊन मडमांच्या पोरींसंगं खेळलो. तोंडातनं निघून गेलं. मग सासूनं इचारलं, मग नणंदेनं. आता गावात समद्यांस्नी म्हाईत हाय. थोरल्या लेकीला तर पाठच हाय."

बागेतल्या एका बाकावर म्हातारा माणूस शेंगा सोलत होता.

"जिंकलो म्हणून सांगितलंस?"

"न्हाय. हरलो. एका गोलानं." चिमणा पहिल्यांदा खाली बघून बोलली. "जिंकलो म्हणायला जीभ रेटली न्हाय बाई. न झालेल्या सामन्यात तेवढं तरी खरं पायजे की."

बाईंनी विचारलं असतं, मला का नेते आहेस मग? पण विचारलं नाही. त्यांना तिथून परतता आलं असतं. माई एकटी आहे, मेथी निवडायची आहे, काहीही. पाय मात्र चिमणामागून चालत राहिले, आणि पायांना कुठं जायचं ते ठाऊक असल्याचं एक विचित्र बरं वाटत होतं.

बायकांच्या वॉर्डात फिनेलचा आणि शिळ्या भाताचा वास होता. खिडकीजवळच्या खाटेवर चिमणाची सासू अंबूबाई उताणी पडली होती, दोन्ही डोळ्यांवर जाड पांढरी पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या. हलायचं नाही अशी ताकीद होती. सुरकुतलेले हात तेवढे पांघरुणावर काहीतरी शोधत होते.

"कोण आलंय गं संगं?"

"आमच्या बाई. शाळंतल्या."

हात थांबले. "झेल्याच्या खेळाच्या?"

"व्हय."

"बसा बाई, बसा. मला काय दिसत न्हाय. दिसलं असतं तर पाया पडलो असतो." म्हातारीचा आवाज वॉर्डभर गेला. शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. "आमच्या सूनबाईला न्हेलतासा तुम्ही पाचगणीला. लई सांगती. पर हिला सांगता येत न्हाय, निम्मं सांगती आन् हसती. तुम्ही सांगा. दिवस जात न्हाय माझा हितं."

मीनाक्षीबाईंनी चिमणाकडं पाहिलं. ती लिंबू चिरत होती, मान वर करत नव्हती. वाटीत रस पडायचा आवाज येत होता.

"पहाटे निघालो," बाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना मैदानावरचा वाटला. "वाई सोडली आणि घाट लागला. मुली गाणी म्हणत होत्या. शालूला गाडी लागली." म्हातारी हसली. "वर गेलो तर धुकं. मैदान तांबड्या मातीचं, चहूकडं उंच झाडं. त्यांच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच. आमच्या पोरी घाबरल्या. पहिला गोल आमच्यावर झाला, आम्हाला कळायच्या आत." आणि मग त्यांना पुढं काही रचावं लागलंच नाही. शालूनं चेंडू उचलला, पाळणा देत ती उजव्या कडेनं निघाली, दोघी अंगावर आल्या तशी तिनं तो मागच्या मुलीकडं सोडला आणि सोडून धावली, फेकीकडं बघत उभी राहिली नाही. आणि पुढं मोकळी जागा होती. तिथं कुणीच नव्हतं. "मागचीनं तो तिथं टाकला," बाई म्हणाल्या. "कुणी नव्हतं तिथं. आणि तिकडून ही ओरडली, हाय!" शेजारच्या खाटेवरची बाई पुढं वाकली. परिचारिका दारात थबकली होती. बाईंचा हात हवेत वर गेला होता आणि मागं येत होता. त्यांना धुक्यातल्या मुली दिसत होत्या, त्यांचे श्वास ऐकू येत होते, गुडघ्यांवरची तांबडी माती दिसत होती, कडेला मिशीवरून हात फिरवत उभा असलेला गुलबाशी पटका दिसत होता. इतकं सगळं होतं. इतकं सगळं तयार होतं. एकाही गोष्टीची कमी नव्हती.

"दोन आम्ही केले," त्या म्हणाल्या. "दोन्ही हिनं. त्यांनी तीन."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. पट्टीखालचा चेहरा खुलला होता. जरा वेळानं तिचे हात पुन्हा पांघरुणावर फिरू लागले.

"येवढं चांगलं खेळत व्हत्या पोरी, मग हरलासा कशानं वो बाई?"

वॉर्डात कुणीतरी खोकलं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुली लहान होत्या, त्या उंच होत्या, असं काहीतरी सांगायचं होतं.

"माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

चिमणाचा हात वाटीवर थांबला. तिनं साखर घातली, बोटानंच ढवळलं, सासूची मान न हलवता वाटी हळूच तिच्या ओठांना लावली.

"न्हाय वो आत्ती," ती म्हणाली. "बाई उगंच म्हणत्यात. त्या दिशी वारं लई व्हतं."